दोन खुर्च्या सोडून

विनातिकीट माणूस ओळखायला ताईला तिकीट मागावं लागत नसे. बसच्या पायरीवर पाय ठेवला की तिची नजर एकदा पुढून मागे फिरे, आणि तेवढ्यात तिला कळून चुके. जो खिडकीबाहेर जरा जास्तच रस घेऊन बघतोय, तो एक. जो विचारायच्या आधीच ‘आत्ताच चढलो’ म्हणतो, तो दुसरा. आणि सगळ्यांत पक्का तो, जो तिच्याकडे बघून हसतो. खिशात तिकीट असलेला माणूस तपासनिसाकडे बघून कधी हसत नाही. तो वैतागतो, खिसे चाचपतो, पिशवी उलटी करतो. डेपोतले लोक म्हणायचे, चेकरबाईंना नाक नाही, सोंड आहे. नाक होतंही तसं लांब. वडिलांकडून आलेलं, दोघी बहिणींना सारखंच वाटून मिळालेलं.

तर अशी ही बाई आज क्लिनिकच्या हॉलमध्ये बसून खिडकीबाहेर जरा जास्तच रस घेऊन बघत होती.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे पाइप. हॉलमध्ये फिकट हिरव्या खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात गार पाण्याचं यंत्र, आणि भिंतीवर गुबगुबीत बाळांचे इतके फोटो की त्यांच्यापासून नजर चुकवायला छताकडेच बघावं. ताईच्या उजव्या हाताला तिचा नवरा बसला होता आणि डाव्या हाताला, दोन खुर्च्या सोडून, तिची सख्खी धाकटी बहीण. ताई तिला ओळखत नव्हती. म्हणजे, ओळखायचं नाही असं ठरलं होतं.

हे सगळं सुरू झालं ते ताईच्या अंडाशयांनी अवेळी राजीनामा दिला तिथून. डॉक्टरीणबाईंनी ती गोष्ट फार हळुवारपणे, कागदावर चित्रं काढून सांगायला घेतली होती. ताईने त्यांना मधेच थांबवून विचारलं होतं, म्हणजे गाडी डेपोत लागली म्हणा ना. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, तुमची लागली, पण दुसऱ्या गाडीने जाता येतं. दुसऱ्या कुणा बाईचं स्त्रीबीज घ्यायचं, ते प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बीजाशी जुळवायचं आणि तयार झालेला गर्भ ताईच्या पोटात वाढवायचा. नऊ महिने तिचे, कळा तिच्या, मूल तिचं.

त्या संध्याकाळी बहिणीला हे सांगितलं तर ती घास चावता चावता म्हणाली, “मग माझं घे की. मला एक मुलगी झालीय, दुसरं मला नकोय, दर महिन्याला वायाच जातंय.” ताईच्या नवऱ्याला ठसका लागला आणि तो नळ गळतोय का बघायला उठून गेला.

बहिणीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी बसली तर शपथ. तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि कात्रीच्या बरोबरीने तिची जीभ चाले. ताईपेक्षा ती बरीच लहान. आई गेली तेव्हा भिंगरीला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती, आणि वडील तेव्हा रात्रपाळीला असत. तिचे केस विंचरण्यापासून शाळेत पालकांच्या सभेला जाऊन तिच्या खोड्यांबद्दल मान खाली घालून ऐकून घेण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. स्वतः शाळेतच होती, तरी केलं होतं.

पण नवीन कायदा आडवा आला. स्त्रीबीज देणारी बाई, कायद्याच्या भाषेत दात्री, जोडप्याला अनोळखी असली पाहिजे. तिने सरकारमान्य बीजपेढीत नाव नोंदवायचं, पेढीने क्लिनिकला पुरवायचं, आणि कोणाचं कोणाला गेलं हे दोन्ही बाजूंना जन्मात कळता कामा नये. बहीण, नणंद, मैत्रीण, कुणीही ओळखीचं चालणार नाही.

“माझं आहे, तुला देतेय, यात सरकारचं काय जातं?” भिंगरी कडाडली होती. “तुझा निळा स्वेटर मी नेला तो आजतागायत परत केलेला नाही. त्याचा का नाही करत कायदा?”

ताईने तेव्हा बहिणीला गप्प केलं. नियम म्हणजे नियम. ती जन्मभर लोकांना हेच सांगत आली होती, आणि तिला ते पटलेलंही होतं. म्हणून मग नवरा-बायको रीतसर दात्री निवडायला गेले. क्लिनिकचा समुपदेशक एक तरुण मुलगा होता. त्याचा आवाज इतका मऊ की ऐकताना उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटे. त्याने टॅबलेट पुढे केला. पडद्यावर चेहरे नव्हते, नावं नव्हती. उंची, रंग, केस, शिक्षण, छंद एवढंच. बोटाने सरकवायचं, बूट घेताना सरकवतात तसं. एक पोहणारी होती. एक गणितात पहिली आलेली. एक व्हायोलिन वाजवणारी होती, तिच्या ओळीपुढे चांदणी.

ताईच्या नवऱ्याने फार विचार करून विचारलं, व्हायोलिन बीजातून येतं का. तो बेकरीत पाव भाजायचा, आणि पिठातून काय येतं आणि हातातून काय येतं याचा त्याला अनुभव होता. समुपदेशक म्हणाला, तसं सांगता येत नाही, पण हल्ली व्हायोलिनला मागणी आहे. शिवाय वरच्या पॅकेजमध्ये प्रयोगशाळेत गर्भ ठेवतात त्या पेटीत कॅमेरा असतो, गर्भ वाढताना मोबाइलवर बघता येतो. पार्सल कुठवर आलं ते बघतात तसं, असं नवरा पुटपुटला, आणि ताईने त्याला कोपराने ढोसलं.

पण घरी परत येताना तीच रडली. तिला व्हायोलिन नको होतं. तिला ते लांब नाक हवं होतं, तो खोडसाळपणा हवा होता, ज्याच्यासाठी ती पालकसभेत उभी राहिली होती. आपलं नाही तर निदान आपल्या घरचं. आणि तसं मूल मिळण्याची वाट तिच्याच घरात, तिच्याच टेबलाशी बसून, तोंडात घास घेऊन बडबडत होती.

मग वाट समुपदेशकानेच दाखवली. मी बोललो नाही आणि तुम्ही ऐकलं नाही, असं आधी म्हणून त्याने सांगितलं की बहिणीने पेढीत जाऊन आपलं नाव नोंदवावं. तिथून ती आपल्याच क्लिनिककडे येईल, तुमच्याशीच जुळेल, हे बघणारी माणसं असतात. फक्त एकदा सरकारी तपासणी अधिकारी दोन्ही बाजूंना भेटतात. तेव्हा ओळख दाखवायची नाही. लवकर मात्र करा, दात्रीला वयाची मर्यादा आहे, आणि बहिणीची ती यंदाच संपतेय.

नियमाची बाई ताई, पण ती हो म्हणाली. कसं म्हणाली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. उलट भिंगरीच बिथरली. लपवाछपवी कशाला, सरळ जाऊन भांडू या, म्हणाली. तिला समजावता समजावता ताईच्या नाकी नऊ आले. शेवटी तिच्याच दुकानात, शटर अर्धं खाली ओढून, ताईने तिची तालीम घेतली. खोटं बोलणाऱ्यांचे इतके नमुने ताईने पाहिले होते की खोटं कसं बोलावं यावर तिला शाळा काढता आली असती. विचारल्याखेरीज बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. उत्तर लहान ठेवायचं. भिंगरी आरशात बघून ‘मला बहीण नाही’ म्हणायची आणि फस्सकन हसायची. मग ताईही हसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि आज तो दिवस उजाडला होता. अधिकारीबाई महिन्यातून एकदाच येत, त्यामुळे दात्री आणि जोडपी सगळी एकाच दिवशी बोलावलेली असत. ओळख होऊ नये म्हणून नावं पुकारत नसत, नंबर पुकारत. आणि मग सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून ठेवत. नाकाचा बंदोबस्त म्हणून दोघींनी मास्क लावले होते. भिंगरी अनोळखीपणा मजेत वठवत होती. तिने ताईकडे वळून विचारलंही, “इथलं पाणी गार आहे का हो, काही कल्पना?” ताई खिडकीबाहेर बघत राहिली. नवरा पहाटेपासून भट्टीवर होता, तो बसल्या बसल्या झोपला होता.

ताईचा नंबर आधी आला. हॉलच्या टोकाला धुरकट काचेचं पार्टिशन घालून एक खोली केली होती. वरची वीतभर जागा मोकळी. आत अधिकारीबाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, थकलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. डॉक्टरीणबाई बाजूच्या खुर्चीत. अधिकारीबाईंनी तब्येतीचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं, मग तितक्याच सहज विचारलं की दात्रीशी तुमची ओळख आहे का.

“नाही,” ताई म्हणाली.

किती सोपं गेलं ते. बाहेर येऊन ती पार्टिशनजवळच्या खुर्चीत बसली, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की होणार, आपलं काम होणार. पोटावर हात ठेवून ती बसली. तिथे काहीच नव्हतं अजून, तरी.

मग भिंगरी आत गेली. वरच्या मोकळ्या जागेतून सगळं ऐकू येत होतं. हॉलमधल्या लोकांनाही येत असणार, पण सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. भिंगरी चांगली बोलत होती. थोडक्यात, न हसता. आई? लहानपणीच गेली. कशाने? ते तिने सांगितलं. भाऊ-बहिणी? नाही. हे सगळं दुकानात आरशासमोर घोटलेलं होतं. ताई मनातल्या मनात एकेका उत्तराला खूण करत होती, बरोबर, बरोबर.

तेवढ्यात अधिकारीबाईंनी एक तालमीत नसलेला प्रश्न विचारला. चौकशीचा नव्हताच तो. आईवेगळ्या मुलीबद्दल कुणालाही वाटेल तसं वाटून त्यांनी विचारलं, मग तुम्हाला सांभाळलं कुणी?

भिंगरी थांबली. आणि मग म्हणाली, “कुणी नाही. आपली आपण वाढले.”

तिची काही चूक नव्हती. प्रसंगावधान राखून, लहान उत्तर दिलं होतं, शिकवल्यासारखं. पण ते वाक्य वरच्या जागेतून बाहेर आलं आणि ताईच्या कानावर पडलं, आणि ताईला वाटलं की कुणीतरी आपल्याला चालत्या बसमधून खाली उतरवलंय. ते विंचरलेले केस, त्या नाड्या, तापात पोळणारं ते डोकं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून काढलेल्या रात्री. कुणी नाही. आणि हे आपणच तिला शिकवलं. उद्या मूल झालं की त्यालाही हेच शिकवायचं. तुझं नाक? असंच आलं. कुणाचं नाही.

ती कधी उठली ते तिला कळलं नाही. नंबर पुकारला नसताना तिने दार ढकललं.

“मी सांभाळलं हिला,” ती म्हणाली. “मी हिची बहीण आहे. सख्खी. थोरली.”

भिंगरीने दोन्ही हात मास्कवर दाबले. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. त्यांच्या हाताखालून किती बायका गेल्या असतील, पण अशी आपल्याच पायांनी चालत येऊन कबूल झालेली त्यांनी पाहिली नसावी. यांना ताण आलाय, हार्मोनच्या गोळ्यांनी होतं असं, त्या अधिकारीबाईंना सांगू लागल्या. ताई म्हणाली की गोळ्या अजून सुरूच झालेल्या नाहीत.

अधिकारीबाईंनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. बसा म्हणाल्या. आणि जरा वेळाने, डॉक्टरीणबाईंना नव्हे, ताईला उद्देशून बोलू लागल्या. हा नियम कुणी मजा म्हणून केलेला नाही. कायदा नव्हता तेव्हा त्या याच क्षेत्रात काम करत होत्या. घरातली धाकटी सून, गरीब मावसबहीण, घटस्फोट होऊन माहेरी परतलेली नणंद, अशा मुलींना आणून बसवत. तोंडाने प्रेमाने देतेय म्हणत, आणि दंडावर कुणाची तरी बोटं रुतलेली असत. एक तर अशीच देऊन गेली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बीजं वाढवायच्या औषधांनी तिच्या पोटात पाणी झालं. ती वाचली. पण त्यानंतर त्यांना बहिणीचं प्रेम या शब्दाची भीती वाटू लागली.

ताईला ती बाई आवडली, हीच मोठी अडचण झाली.

“मी चहा घेऊन येते,” अधिकारीबाई उठत म्हणाल्या. “माणूस घाबरला की काहीही बोलतो. मी परत आले की विचारेन. तेव्हा काय ते नीट सांगा. जे सांगाल ते मी लिहून घेईन.”

त्या बाहेर गेल्या. जाताना त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही चहाला नेलं. सुटकेची वाट त्यांनी उघडी ठेवली होती. फक्त ‘घाबरून बोलले’ म्हणायचं होतं.

दार बंद झालं तशी भिंगरी ताईच्या अंगावर धावून आली. “डोकं फिरलंय का तुझं? एवढं सगळं घोटून घेतलंस माझ्याकडून. आता ती आली की म्हण चुकून बोलले. माणूस चुकलं म्हण, झोप झाली नाही म्हण, वेड लागलंय म्हण.”

“तू म्हणालीस कुणी नाही.”

“अगं खोटं होतं ते. तूच शिकवलंस.”

“मीच शिकवलं,” ताई म्हणाली. “आणि इतकं छान बोललीस, की माझाही विश्वास बसला.”

भिंगरीने डोक्याला हात लावला. ज्या भिंगरीला काल-परवापर्यंत सरकारशी भांडायचं होतं ती आता हात जोडत होती. ताई, यंदाच माझं वय संपतंय. ताई, मूल झाल्यावर सांग की त्याला सगळं, घरात कोण बघायला येणार आहे. ताई, एवढं गिळ. ताई ऐकत होती. तिला हे सगळं माहीत होतं. वय संपतंय हे भिंगरीपेक्षा तिला जास्त माहीत होतं. रोज सकाळी दात घासताना आठवत होतं.

एवढ्यात दार किलकिलं झालं आणि ताईचा नवरा आत आला. गालावर खुर्चीच्या पाठीचा वळ उमटलेला. हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघतायत, म्हणून आपण जागे झालो, असं त्याने सांगितलं. काय झालं ते दोघींनी एकदमच सांगितलं, त्यामुळे त्याला अर्धंच कळलं, पण अर्धं पुरेसं होतं. तो टेबलाच्या कडेला टेकला आणि बराच वेळ आपल्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिला. त्यालाही मूल हवं होतं. तो बोलत नसे, पण बेकरीत मालकाचा नातू आला की त्याच्यासाठी कणकेचे प्राणी करून भट्टीत टाकत असे, हे ताईला ठाऊक होतं.

“भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला,” भिंगरी म्हणाली.

“हे बघ,” तो म्हणाला, “खोटं बोलून मूल आलं तर जन्मभर घरात कुजबुजावं लागेल. मला नाही जमायचं. मी झोपेत बोलतो.”

भिंगरी आधी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं, ते हसू कुठे तरी वाकडं वळलं आणि ती रडायला लागली. ताईने तिचं डोकं जवळ घेतलं. मास्क भिजून तिच्या नाकाला चिकटला होता तो काढला. आपलाही काढला.

“लोक एका थांब्यापुरतं खोटं बोलतात, मी त्यांना उतरवते,” ताई हळू म्हणाली. “आणि आपलं मूल मी आयुष्यभर विनातिकीट फिरवू?”

“आणि नाहीच मिळालं तर?”

ताईने दोघींचे मास्क घडी घालून पर्समध्ये टाकले.

अधिकारीबाई परत आल्या तेव्हा तिघं टेबलाच्या एका बाजूला ओळीने उभी होती, आणि दोन लांब नाकं शेजारी शेजारी होती. अधिकारीबाईंनी एका नाकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि खाली बसल्या. विचारायची तशी गरज उरली नव्हती, पण त्यांनी विचारलं.

“लिहा,” ताई म्हणाली. “बहीण. आणि मी घाबरून बोलले नाही. मघाशी नाही म्हणाले, ते घाबरून म्हणाले.”

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ताईला खरं तर तेवढंच बोलायचं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर तिचं तिलाच थांबवता येईना. तुम्ही म्हणता बहिणीवर बळजबरी होते, ती म्हणाली. होत असेल, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, मी नाही म्हणणार नाही. मग हिला एकटीला विचारा. मला या इमारतीच्या बाहेर काढा आणि विचारा, आज विचारा, महिन्याने परत विचारा. नाही म्हणाली तर मी तिच्या दुकानात केस कापायला जाईन आणि हा विषय काढणार नाही.

“पण त्या टॅबलेटवर जी व्हायोलिनवाली आहे,” ताई म्हणाली, “तिच्या दंडावर कुणाची बोटं होती, ते कुणी विचारलं? तिला तर नावही ठेवलेलं नाही. जिला कुणी ओळखत नाही तिच्यावर जबरदस्ती होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

अधिकारीबाईंचा चहा हातातच होता. डॉक्टरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली की पेढीत सगळी नीट चौकशी होते, आणि अधिकारीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वाक्य तिथेच संपलं. आजच्यापुरती तरी, पेढीने केलेली नीट चौकशी समोर रडून लाल झालेल्या नाकाने उभी होती.

“नियम मला बदलता येत नाही,” अखेर अधिकारीबाई म्हणाल्या. “आज हे थांबवावंच लागेल. इथेही, आणि दुसरीकडे कुठेही. सरकारी समितीकडे अपवाद मागता येतो. कायद्यात तशी सोय आहे. पण आजवर कुणी मागितलेला नाही.”

“का?”

“मागायचा म्हणजे नात्यासकट, आपल्या नावाने मागावा लागतो. लोकांना ते नको असतं. त्यापेक्षा ‘ओळख नाही’ म्हणणं सोपं…” त्यांनी हॉलच्या दिशेने नुसती मान हलवली.

भिंगरीने डोळे पुसले. एव्हाना तिची जीभ ठिकाणावर आली होती. समितीत कोण कोण असतं, ते कधी बसतात आणि किती वेळ बसतात, असं तिने दमात विचारलं. अधिकारीबाईंनी सांगितलं की समिती सावकाश चालते, नाहीही म्हणू शकते, बहुधा नाहीच म्हणेल. आणि तोवर तुमच्या वयाची मर्यादा उलटून गेली तर त्याचाही अपवाद वेगळा मागावा लागेल.

ताईचा हात पुन्हा पोटावर गेला. कॅमेरा नसलेल्या पेटीत, कुणालाही न दिसता, एक मूल मागे मागे सरकत गेलं. तिला ते दिसलं.

“म्हणू दे नाही,” ती म्हणाली. “पण आम्हा दोघींना समोर उभं करून म्हणू दे. कारण सांगून म्हणू दे. मग आम्ही परत विचारू.”

अधिकारीबाईंनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा हात सावकाश चालत होता. लिहून झाल्यावर त्यांनी भिंगरीला एकटीला थांबायला सांगितलं, आणि ताईला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर पाठवलं. या वेळी दार नीट लावलं, आणि आवाजही खाली ठेवला. ताईने कान दिला नाही. ती पार्टिशनपासून लांब जाऊन उभी राहिली. हॉलमधल्या लोकांनी पुन्हा मोबाइलमध्ये डोकी घातली होती, पण कुणाचंही बोट हलत नव्हतं.

बऱ्याच वेळाने भिंगरी बाहेर आली. काय विचारलं ते तिने सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. तिने फक्त ताईच्या दंडात आपला हात घातला, सगळ्यांसमोर.

समुपदेशक कुठे दिसत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातच गाठून, शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की यापुढे या क्लिनिकमध्ये तुमच्यावर उपचार होणार नाहीत. ताईने त्यांचे आभार मानले. चित्रं काढून सांगितल्याबद्दल, खरंच मनापासून मानले.

मग ती स्वागतकक्षाच्या काउंटरपाशी गेली आणि तिथल्या मुलीकडे समितीच्या कार्यालयाचा पत्ता मागितला. मुलगी म्हणाली, तसा पत्ता आम्ही देत नाही. ताई म्हणाली, अधिकारीबाई तुमच्याच इमारतीत बसल्या आहेत, त्यांना विचारून द्या. मुलगी म्हणाली, त्या आता कामात आहेत, वेळ लागेल, तुम्ही बसून घ्या.

“मी उभीच बरी,” ताई म्हणाली.

दिवसभर हलत्या बसमध्ये उभं राहून ज्या बाईची नोकरी झाली, तिला एका स्थिर काउंटरपाशी उभं राहायला काही कष्ट नव्हते. तिने पाय जरा फाकवून ठेवले, पर्स काउंटरवर ठेवली आणि मुलीकडे बघत राहिली. वैतागून नाही, हसून तर नाहीच. भिंगरी शेजारी उभी राहून त्या मुलीचे केस निरखत होती, आणि हे कुणी कापले, फार रागावून कापलेत, असं नवऱ्याच्या कानात सांगत होती. नवरा भिंतीला टेकला होता आणि त्याचे डोळे मिटू लागले होते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताईने वळून बघितलं नाही. कुणीतरी संथ पावलांनी चालत आलं आणि तिच्यामागे थांबलं. ताईहून वयाने लहान बाई, मास्क लावलेली, हातात नंबराची चिठ्ठी चुरगळून धरलेली.

“तो पत्ता,” ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, “मलाही हवाय.”

मुलीने फोन उचलला. ताईने काउंटरवरची आपली पर्स जरा सरकवून तिला जागा करून दिली.